जुनी मराठी मोठ्यानं म्हणायची तर कशी? (ओवी, धवळे, भारूड, पोवाडा आणि आजचे श्रोते)

रानजाई
नमस्कार मंडळी,

आम्ही सहा जण मिळून जुन्या मराठीचा तासाभराचा एक कार्यक्रम करतो. ज्ञानेश्वरीतल्या निवडक ओव्या, महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे (लग्नाची गाणी), लीळाचरित्रातले (चक्रधरस्वामींच्या आठवणींचा गद्य ग्रंथ) दोन-तीन प्रसंग, संत एकनाथांची दोन भारुडं आणि शेवटी अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. अफजलखान मारला गेला १६५९ साली. पावणेचारशे वर्षांचा पल्ला एका तासात.

गेल्या महिन्यातल्या प्रयोगापासून मन थाऱ्यावर नाही. आम्ही प्रत्येक रचनेआधी अर्थ सांगतो, कठीण शब्द सोडवून देतो आणि मग म्हणतो. लोक शांत बसले होते, टाळ्याही वाजल्या. पण निघताना एक आजोबा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान झालं, शाळेची आठवण झाली." त्यांनी कौतुकानंच म्हटलं, मला मात्र ते रात्रभर टोचत राहिलं. हे सगळं कानांसाठी रचलेलं आहे. ज्ञानदेव बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, समोर श्रोते होते. नववा अध्याय तर "अवधान एकलें दीजे" असं श्रोत्यांकडे मागूनच सुरू होतो. मग आमच्या तोंडून तेच धड्यासारखं का उतरतं?

अर्थ आधी सांगावा, नंतर सांगावा, की सांगूच नये? उच्चार आजचे ठेवावेत की तेव्हाचे? चाल कुठली धरावी? अनुभव असतील तर हातचं न राखता सांगा.

ओसरी
अर्थ सांगूच नका. ज्याला कळायचं त्याला कळतं.

दिंडीवाला
ओसरी, इतकं तोडून टाकू नका. वारकरी कीर्तनाचा निम्मा वेळ अर्थातच जातो आणि तरी माणूस तीन-तीन तास मांडी मोडत नाही. फरक क्रमात आहे. बुवा आधी अभंग लावतात, टाळकरी धृपद (परत परत येणारी ओळ) उचलतात, पखवाज चढतो, चार-पाच आवर्तनं होतात. तोवर ते शब्द श्रोत्याच्या जिभेवर बसलेले असतात, मग निरूपण सुरू होतं. म्हणजे अर्थ सांगतात तो माणसाच्या तोंडात आधीच असलेल्या शब्दांचा. रानजाई ताई, तुम्ही अजून न ऐकलेल्या शब्दांचा अर्थ सांगताय. तो कोणाच्या लक्षात राहणार?

दुसरं म्हणजे, बुवा प्रमाण म्हणून एखादी ओवी अर्धी म्हणतात आणि मागचे टाळकरी ती पुरी करतात. आजच्या श्रोत्यांनाही असं काहीतरी करायला द्या. नुसतं ऐकायला बसवलं की शाळाच होते.

रानजाई
दिंडीवाला, "न ऐकलेल्या शब्दांचा अर्थ" हे अगदी वर्मावर बसलं. धन्यवाद.

पिंगळा
उच्चारांबद्दल माझं ठाम मत आहे, जरा सविस्तर लिहितो.

तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला चरण घ्या. सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. मोजा: सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-यां, चार. आता हाच चरण आपण रोज बोलतो तसा म्हणा. 'सुंदर्' आणि 'ध्यान्' असे पाय मोडले की पहिल्या तुकड्यात ऐकू येतात चारच: सुं-दर्-ते-ध्यान्. 'कर्' झाला की तिसऱ्यात पाच. सगळा तोल गेला.

गाताना आपण नकळत ते अकार पूर्ण उच्चारतो, म्हणून गाण्यात अभंग उभा राहतो. पण अभिवाचन करणारी मंडळी बातम्या वाचाव्यात तशी वाचतात आणि वर म्हणतात की जुन्या कवितेत लय सापडत नाही. अहो, लय तुम्ही खाऊन टाकलीत! शब्दाच्या शेवटचा अ पुरा द्या. पहिले दोन दिवस ऐकायला विचित्र वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याशिवाय चैन पडत नाही.

ओवीचं गणित वेगळं. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहा: आद्या, वेदप्रतिपाद्या, स्वसंवेद्या, आणि मग 'आत्मरूपा' एवढाच चार अक्षरांचा चरण. अक्षरसंख्या तीन चरणांतही सारखी नाही, सहा, सहा, आठ अशी आहे. तिथं ठेका मोजून चालत नाही, यमकावर पाय टेकत जायचं आणि चौथ्या चरणाला उतरायचं. चौथ्या चरणानंतर श्वास घेतला नाही तर ऐकणाऱ्याला ओवी कुठे संपली तेच कळत नाही.

मीनल_वाचते
पिंगळा, आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून मोजून पाहिलं. मुलगा विचारतोय, आई बोटांवर कसला हिशोब करतेयस!

शिरोडा
उच्चारांवरून माझे दोन पैसे. जुन्या पोथ्यांत 'देवें', 'कौतुकें', 'वाग्यज्ञें' असे अनुस्वार असतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिणं थांबलं, त्यामुळे पुष्कळांना ते नुसती शोभा वाटतात. पण आमच्या कोकणातली जुनी माणसं अजून नाकातून बोलतात. माझी आजी पोथी वाचायची तेव्हा तो नाकातला सूर स्पष्ट ऐकू यायचा. तिला व्याकरण माहीत नव्हतं, ती बोलायचीच तशी. 'येणें वाग्यज्ञें तोषावें' तिच्या तोंडून घंटेची आस मागे रेंगाळावी तसं लागायचं. तुमच्या गटात कोणी कोकणातलं असेल तर पसायदान त्यांना म्हणू द्या, बाकीच्यांनी ओढूनताणून नाकात बोलू नये.

देवगिरीकर
चालीबद्दल. तेराव्या शतकात ओवी नेमकी कुठल्या सुरांत म्हणत, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि याचं मला फार वाटतं, कारण त्याच काळात, त्याच यादवांच्या देवगिरीत, राजा सिंघणाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' हा संगीतावरचा ग्रंथ लिहीत होता. त्यात प्रबंधांच्या (गीतरचनांच्या) प्रकारांत ओवी आहे आणि धवळही आहे. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, ११२९ च्या सुमारास, चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं नोंदवलंय. इतका थेट पुरावा असूनही त्या बाईचा सूर हाती लागत नाही. सगळी भांडी मांडलेली आहेत आणि चूल थंड आहे, अशी अवस्था.

म्हणून माझी विनंती एवढीच की "अस्सल तेराव्या शतकातली चाल" असं निवेदनात म्हणू नका. आणि पेटी ठेवू नका. हार्मोनियम इथं आली एकोणिसाव्या शतकात. महदंबेच्या धवळ्यांमागे पेटी वाजली की माझं लक्ष उडतं.

दिंडीवाला
देवगिरीकर, पेटीवर एवढा राग नको. आमच्या गावच्या भजनात पेटी नसेल तर निम्मी मंडळी सुरात येत नाहीत. लोकांना बरोबर घेऊन म्हणायचं असेल तर काहीतरी आधार लागतोच.

देवगिरीकर
आधार वीणेचा घ्या की. तुमच्याच परंपरेत विणेकरी आहे.

दिंडीवाला
हे मान्य. विणेपुढे मी बोलत नाही. :)

कुंदा_भालेराव
मी धवळ्यांबद्दल लिहिते. रिद्धपूरला चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदंबेनं रुक्मिणीस्वयंवराचे धवळे म्हटले, असं सांगतात. म्हणजे ही लग्नघरातली गाणी. रंगमंचावर ओळीत उभं राहून, हातात कागद धरून म्हणायची नव्हेत. आम्ही चौघींनी ती हळदीच्या गाण्यांसारखी म्हटली होती. दोघी एका बाजूला, दोघी समोर, एका जोडीची ओळ संपता संपता दुसरीनं उचलायची. कठीण शब्द बरेच होते, पण रुक्मिणीचा जीव कासावीस झालाय हे सांगावं लागलं नाही. समोरच्या बायकांनी आपापली लग्नं आठवून घेतली.

ओवीचंही तेच. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्या नीट ऐका. जात्याचा फेरा आणि ओळीचा फेरा एकमेकांत अडकलेले असतात, जोर लावायच्या जागी शब्दावरही जोर येतो. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी वेगळी, हे मला ठाऊक आहे. तरी तालमीत एकदा हात गोल फिरवत ज्ञानेश्वरी म्हणून पाहा. आमच्या गटातली एक मुलगी फार घाईनं म्हणायची, तिची घाई एका दिवसात गेली.

ओसरी
हे आवडलं. माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण कुंदाताईंचा अनुभव त्याच बाजूचा आहे असं वाटतं. अर्थ अंगातून पोचला, निवेदनातून नाही.

पारध्याचा_माळ
भारुडात आमची चाळीस वर्षं गेली, मी सोंग घ्यायचो. एकदा 'विंचू चावला' लावलं होतं. रात्रीची वेळ, गॅसबत्त्या, मी गर्दीतूनच ओरडत आलो, "अगं आई गं, चावला चावला!" पुढच्या रांगेतला एक पोरगा बॅटरी घेऊन सतरंजीखाली विंचू शोधायला लागला, त्याच्यामागे आणखी चार जण उठले. बुवांनी त्यांना बसवलं नाही. ते म्हणाले, "शोधा, नीट शोधा, तो आतच आहे," आणि तिथूनच कामक्रोधाचा विंचू सुरू केला. लोक हसत हसत खाली बसले आणि एकदम गप्प झाले.

आता अर्थ कधी सांगायचा ते 'रोडगा' भारुडावरून सांगतो. सून भवानीला नवस बोलते. सासऱ्याचं असं कर, सासूचं तसं कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. लोक पोट धरधरून हसतात, बायका जास्त. शेवटी नाथ म्हणतात, सगळेच जाऊ दे, एकलीच राहू दे मला. आधीच निवेदकानं "सासू-सासरे म्हणजे मनातले विकार बरं का" असं सांगून टाकलं तर पुढे कोणी हसत नाही, आणि हसू नाही आलं तर शेवटच्या ओळीला जीवच नाही. ती ओळ म्हणताना आमचे बुवा डफ बंद करायचे. 'एकलीच' म्हणायचे आणि थांबायचे. हसू पार विरेपर्यंत थांबायचे. मग हळू, "राहू दे मला". त्यानंतर अर्थ सांगायची गरज उरली असं मला कधी वाटलं नाही.

पिंगळा
पारध्याचा_माळ काका, दंडवत. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

मीनल_वाचते
+१. हे वाचून अंगावर काटा आला.

उंबरठा
सगळे छान बोलताहेत म्हणून एक नको असलेला प्रश्न विचारतो. भारुडांत जातींची नावं घेऊन सोंगं आहेत. 'जोहार मायबाप जोहार' चोखोबांनी लिहिलं, नाथांनीही लिहिलं. जोहार म्हणजे खालच्या मानलेल्या जातींना वरच्यांपुढे घालावा लागणारा नमस्कार. माझे आजोबा हा शब्द कानावर आला की उठून बाहेर जायचे. त्यांच्या लहानपणी तो घालायलाच लागायचा, न घालून चालायचं नाही. चळवळीत आल्यावर त्यांनी तो टाकला तो कायमचा. तुम्ही "मध्ययुगीन रचना" म्हणून तो मंचावर गमतीच्या सोंगात म्हणता, समोर माझ्यासारखा कोणी बसलेला असतो. त्याचं काय?

दिंडीवाला
उंबरठा, प्रश्न रास्त आहे. पण नाथांनी त्या सोंगाच्या तोंडी ज्ञान घातलं, मोठमोठ्यांना ते सुनावलं, हेही खरं ना?

उंबरठा
खरं आहे. नाथांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पैठणसारख्या गावात सोळाव्या शतकात त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. मी प्रयोगाबद्दल बोलतोय. आजचा नट ते सोंग घेतो तेव्हा कमरेत वाकतो, आवाज केविलवाणा काढतो, लोक हसतात. ते कशाला हसतात? नाथांच्या ओळीला, की वाकलेल्या माणसाला? चोखोबांचा जोहार म्हणायचाच असेल तर ताठ उभं राहून म्हणा, सोंगाशिवाय, अभंग म्हणूनच. त्यातलं दुखणं ऐकू येऊ द्या. मंगळवेढ्याला कोट बांधताना दरडीखाली गेलेल्या माणसाचे ते शब्द आहेत.

पारध्याचा_माळ
उंबरठा, तुमचं बरोबर आहे. मीही वाकायचो, कोणी टोकलं नाही म्हणून वाकायचो. आता सोंग घेत नाही, पण नव्या पोरांना शिकवतो. त्यांना हे सांगेन.

रानजाई
उंबरठा, मनापासून आभार. आमच्या दोन भारुडांत जोहार नाही, पण पुढच्या प्रयोगात घ्यायचा विचार चालू होता. घेतला तर तुम्ही सांगताय तसाच, भारूड म्हणून नाही.

सातासमुद्रापार
थोडं विषयांतर. इंग्लंडात यॉर्कला चौदाव्या-पंधराव्या शतकांत गाड्यांवर बायबलची नाटकं होत, एकेक नाटक एकेका व्यवसायाच्या संघाकडे. नोहाची नौका बांधायचं नाटक जहाज बांधणाऱ्यांकडे, क्रुसावर खिळे ठोकायचं नाटक खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांकडे. सोळाव्या शतकात ती बंद पडली आणि १९५१ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यातही गावकरीच मोठ्या संख्येनं उतरले. मधली जवळजवळ चारशे वर्षं कोरी. तिकडच्या बऱ्याच हस्तलिखितांत सुरांच्या खुणा असतात, पण त्यांवरून सूर वर गेला की खाली एवढंच कळतं, नेमका किती ते नाही. गायक तर्कानं चाल बांधतात.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे अभंग बंद पडलाच नाही. चाली बदलल्या असतील, पण म्हणणारा कधी थांबला नाही. त्यांना जे उकरून काढावं लागतं ते आपल्याकडे पहाटेच्या काकड्याला ऐकू येतं. मी इथं बसून त्याचा हेवा करतो.

देवगिरीकर
सातासमुद्रापार, अभंगाबद्दल मान्य, पण लळिताचं काय? उत्सवाच्या शेवटी देवळात लळित व्हायचं, भालदार-चोपदार, वासुदेव, आंधळा, बहिरा अशी सोंगं यायची. आज किती ठिकाणी होतं? आणि लीळाचरित्र मोठ्यानं वाचताना मी तरी फार कमी वेळा ऐकलंय. म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. मूळ प्रत धामधुमीत हरवली, तेव्हा लोकांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले. ते गद्य इतकं बोलकं आहे, तोडकी तोडकी वाक्यं, प्रश्न, उत्तर, की दोघांनी समोरासमोर बसून वाचलं तर नाटकच होतं. रानजाई, त्याला संगीत लावू नका.

रानजाई
सध्या मागे बासरी असते. काढून टाकते.

डफकरी
उशिरा आलो. पोवाडा कार्यक्रमाच्या शेवटी आणि वातानुकूलित सभागृहात? मग डफ आतून शेकून आणलात तरी तासाभरात कातडं सैल पडेल आणि आवाज बसेल. पोवाड्याआधी पाच मिनिटं बाहेर जाऊन डफ शेकून आणा. पखवाजवाल्यालाही विचारा, त्याला धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायला ताजी कणीक लागेल, आदल्या दिवशीची वाळून गळून पडते.

आणि झीलकरी, म्हणजे शाहिरामागे सूर धरणारे, किमान दोन ठेवा. शाहीर एकटा म्हणत सुटला की बखर वाचल्यासारखं होतं. झील आली की शाहिराला दम मिळतो आणि लोकांना ऐकलेलं पचवायला सवड मिळते. आता श्रोत्यांनाच झील द्या, "जी जी रं जी" म्हणायला कोणाला अर्थ लागत नाही.

ओसरी
म्हणजे फिरून आपण दिंडीवाल्यांच्या पहिल्या मुद्द्यावर आलो. लोकांच्या तोंडात शब्द द्या.

रानजाई
तीन आठवड्यांनी लिहितेय. काल प्रयोग झाला, तुमच्या सांगण्यावरून बरंच बदललं.

निवेदन जवळजवळ काढलं. सुरुवातीला एकदाच सांगितलं की शब्दांच्या शेवटचे अकार पुरे ऐकू येतील, सगळे शब्द कळले नाहीत तरी काळजी करू नका. ओव्या प्रत्येकी दोनदा म्हटल्या. दुसऱ्या वेळी चौथा चरण आम्ही सोडून दिला आणि नुसते थांबलो. पहिल्या ओवीला कोणी बोललं नाही, मला घाम फुटला. दुसरीला मागून दोन-तीन आवाज आले. पाचवीला अख्खं सभागृह चौथा चरण म्हणत होतं. मग, त्यांच्या तोंडात तो असतानाच, मी 'पैजां जिंके' म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं. माना हलल्या.

लीळाचरित्र दोघांनी जमिनीवर समोरासमोर बसून वाचलं, बासरीशिवाय. तिथं आमचं थोडं फसलं. वेग कमी पडला, मधल्या रांगेत चुळबुळ झाली. पुढच्या वेळी प्रसंग दोनऐवजी एकच घेऊ. चोखोबांचा जोहार घेतला, ताठ उभं राहून, वाद्याविना. त्यानंतर टाळी वाजली नाही, आणि आम्ही ती वाजायची वाटही पाहिली नाही.

'रोडग्या'त 'एकलीच' म्हणून थांबले. काका, हसू विरायला किती वेळ लागतो हो! मला वाटलं मी ओळ विसरले असं लोकांना वाटेल. पण शेवटच्या हसणाऱ्या बाई गप्प होईपर्यंत थांबले, मग म्हटलं.

धवळे मात्र जुन्या पद्धतीनंच झाले, ओळीत उभं राहून. कुंदाताई, तुमच्यासारखे समोरासमोर करायचे आहेत, आणि ओव्यांसाठी जात्यावर सराव करायचाय. पण जातं कुठे मिळेना.

पारध्याचा_माळ
थांबलीस ना, झालं तर मग.

कुंदा_भालेराव
जातं माझ्या माहेरी आहे, दगडाची पाळी जड आहे आणि खुंटा नवा बसवून घ्यावा लागेल. एकटीनं ओढायचं नाही, दोघी समोरासमोर बसाव्या लागतात. दुसरी कोण येणार ते कळवा, मी सुताराला सांगून ठेवते.